टिफनीच्या कानामागची नळी

मित्रांनो, मी एक जुनी राज्यकर्ती आहे. एका अख्ख्या मेंदूचं राज्य मी नऊ वर्षं सांभाळलं. माझ्या कृपेशिवाय तिथे एक विचारही हलत नसे. खरं सांगायचं तर मी मोरीची नळी आहे; फक्त मोरी डोक्यात होती.

भुईगावच्या टिफनीच्या पाठीच्या कण्याचं दार जन्माआधी मिटायला हवं होतं, ते उघडंच राहिलं. डॉक्टर त्याला स्पायना बिफिडा म्हणतात. अशा बाळांच्या डोक्यात बऱ्याचदा पाणी साठतं आणि मेंदूला दाबतं. म्हणून दहाव्या दिवशी मला बसवलं. वरचं टोक मेंदूत, मधली गुंडी कानामागे, खालचं टोक पोटात. जास्तीचं पाणी वरून घ्यायचं आणि खाली सोडायचं. कामाला शिक्षण लागत नाही. सुट्टीही मिळत नाही.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. टिफनीचे वडील एरॉल वालीवच्या कारखान्यात पंप दुरुस्त करतात. कामावरून आले की ते माझ्या गुंडीवरून बोट फिरवायचे. आई ग्लोरिया डॉक्टरांचा कागद तोंडपाठ म्हणायची: डोकेदुखी, उलटी, गुंगी, अभ्यासात घसरण, ताबडतोब आणा. पण मी कधी बिघडलेच नाही. आणि नीट चालणाऱ्या वस्तूला घरात मान नसतो. कागद कपाटात गेला. बोट फिरायचं थांबलं.

टिफनी बोलण्यात फर्डी. ऑक्टोबरात गल्लीतल्या क्रुसाजवळ रोझरी, म्हणजे मारियामातेची जपमाळ, होते, ती तीच चालवायची. एवढ्याशा पोरीला सगळ्या प्रार्थना पाठ, तेव्हा गावाने तिला हुशार ठरवलं. ती आहेच हुशार. पण अशा मुलांचं बोलणं बऱ्याचदा पुढे धावतं आणि हिशेब मागून रांगत येतो. त्याला वेळ द्यावा लागतो, वेगळ्या रीतीने शिकवावं लागतं. तेवढी सवड कुणाला?

यंदा मी तुंबायला लागले. सकाळी तिचं डोकं दुखे, उलटी होई. येत होते ते पाढेही जाऊ लागले. गणिताच्याच दिवशी बरं दुखतं, असं लोक म्हणाले. दुखत रोजच होतं. गणितही रोजच होतं.

अँजेलिना टीचरनी ग्लोरियाला शाळेत बोलावलं.

"तोंड वकिलाचं आणि वही कोरी. हिला काही झालेलं नाही, नाटकं आहेत."

"घरी तर पटापटा बोलते ओ, टीचर," ग्लोरिया म्हणाली, आणि लेकीची बाजू आपणच पाडली हे तिला कळलं नाही.

शिकवणी लागली. मी आत जिवाच्या आकांताने ओरडत होते. नळीचं ओरडणं म्हणजे काय, तर गप्प पडून राहणं.

माळेच्या दर मण्याला एक नमो मारिया म्हणायची, दहा झाल्या की पुढची प्रार्थना घ्यायची. मग एका संध्याकाळी क्रुसाजवळ टिफनी दहा नमो मारिया म्हणून पुढे जाईचना. अकरा झाल्या, पंधरा झाल्या. प्रार्थना चालवणाऱ्याला मध्ये टोकायचं नाही, ही गावची रीत. लोकांना वाटलं, कुणाचा तरी नवस असेल. विसाव्याला म्हाताऱ्या गुडघे चोळू लागल्या, पण भक्तीत मागे पडायला कुणी तयार नव्हतं. पोरीचा आवाज खणखणीत. बोटांत मणी मात्र तोच. मागे उभ्या असलेल्या एरॉलनी तो मणी पाहिला, आणि रीत मोडून ते पुढे आले.

"आमच्या पंपाचं असंच होतं, ग्लोरिया. आवाज झकास, पाणी पुढे नाही. हिची नळी तुंबलीय."

"रोझरी तरी संपू दे," ग्लोरिया पुटपुटली.

"ती आता संपत नाही ग."

दुसऱ्या सकाळी ऑपरेशन झालं. नवी नळी आली. माझं वरचं टोक कचऱ्याच्या पिशवीत गेलं. खालचं पोटात चिकटलं होतं, ते तिथेच राहू दिलं. आता बिनकामाची मी तिथून ऐकत असते. टिफनीचं डोकं दुखायचं थांबलंय. पण तुंबलेल्या पाण्याच्या दाबाने उजव्या डोळ्याला कडेचं दिसत नाही. ते परत येईल का, असं एरॉलनी विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, बघू. मला तेवढंही म्हणता येत नाही.

मित्रांनो, एखाद्या मुलाला येत होतं ते येईनासं झालं, तर आधी आळस शोधू नका, दुखणं शोधा.

आणि एक बारीकशी विनंती. टिफनीला बघायला येताना केळी आणू नका. घरच्या वाडीतली संपता संपत नाहीत, त्यात कालपासून पाहुण्यांच्या चार फण्या आल्यात, आणि आग्रह करकरून भरवलेली तीन केळी आत्ताच माझ्या शेजारी येऊन बसली आहेत. पपई चालेल.