उलटा मांडलेला कशिदा

मिराबाई हिंगोलीला आली ती रुपाचं नाक कापायला, दुसरं काही काम नव्हतं तिचं. रुपा म्हणजे धाकटी जाऊ. बंजाऱ्यांच्या तांड्यावर लग्नात बायका डोक्यावर घागर घेतात, तेव्हा पाठीवर आरसे-कवड्यांचा कशिदा सोडतात. सासूच्या हातचा तसला कशिदा सासू वारली त्याच साली पेटीतून गेला. रुपानंच विकला, असं मिराबाई तेव्हापासून अख्ख्या तांड्याला ऐकवत होती. बोलणं तुटलं, पाणी तुटलं. रुपाचा नवरा सुदाम मेला तेव्हाही हिनं तिच्या दारात पाय ठेवला नाही, अन् आपल्या नवऱ्याला, भीमसिंगला, सख्खा भाऊ असून जाऊ दिलं नाही. अशी बाई.

आता मिराबाईच्या लेकीचं, पुजाचं लग्न ठरलं. रुपाला मांडवात पाय ठेवू देणार नाही, असा हिचा हेका. तांड्याचे नायक गुलाबसिंग वैतागून म्हणाले, पुरावा आण, मी स्वतः तिला अडवतो. नाहीतर तोंड बंद ठेव.

हिंगोलीच्या कॉलेजातल्या प्रतिक्षा मॅडमकडं तांड्यातांड्यांच्या, व्यापाऱ्यांकडच्या कशिद्याचे हजारो फोटो जमले होते. त्यांच्या कॉम्प्युटरला नाव-गाव लागत नव्हतं. आरसा कुठं, कवड्या कुठं, एवढं पडद्यावर मांडून दिलं की तो तसल्याच मांडणीचे फोटो काढायचा. विकलेला कशिदा त्यात निघाला तर कुणी विकला तेही कळंल, म्हणून मिराबाई तिथं आली. होऊन जाऊ दे माझ्यासमोर, म्हणत रुपाही आली होती अन् मिराबाईकडं पाठ करून बसली होती. भीमसिंग मात्र दाराशीच घुटमळत होता. बस चुकंल, बस चुकंल, एवढंच त्याचं चाललेलं.

मिराबाईनं बोटानं मांडलं. वर कवड्यांची झालर, मधी चौकट, डाव्या अंगाला तीन आरसे. निघाले ते फोटो भलतेच. पुन्हा मांडलं, पुन्हा भलतेच. रंगावरून शोधावं तर सगळेच लाल. मग ती मॅडमवरच उखडली, तुमचं यंत्रच खोटं म्हणाली.

"यंत्र काहून खोटं असंल?" रुपा पाठमोरीच बोलली. "तुमी उलटं मांडून राहिल्या. मांडीवर घेतल्यावानी."

खरंच होतं ते. कवड्या पोटाला टोचू नयेत म्हणून शिवताना झालर गुडघ्याकडं ठेवायची, हे दोघी जावा सासूशेजारी बसून शिकल्या होत्या. फोटोत मात्र कशिदा पाठीवर सोडल्यासारखा असायचा, झालर खाली. रुपाचं ऐकायचं मिराबाईच्या जिवावर आलं, पण मॅडमनी तोवर मांडणी फिरवलीसुद्धा.

पहिलाच फोटो तो निघाला. सासूचा टाका मिराबाईनं लांबून ओळखला अन् आता बोल, अशा नजरेनं ती रुपाकडं वळली. मॅडमनी सांगितलं, जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात एका व्यापाऱ्यानं काढलाय, विकणाऱ्यालाच कशिदा धरायला लावून. माणसाचा चेहरा फोटोत नव्हता. कशिद्याच्या दोन बाजूंना दोन हात तेवढे होते, अन् उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच होती.

मळणीयंत्रात बोटं गेलेला माणूस तांड्यावर एकच. त्यानं दाराशी उभ्या उभ्याच हात खिशात घातला.

मिराबाईला शरमेच्या आधी संताप आला. "सुदाम मेला तवा मी जाऊ नका म्हणले," ती त्याला म्हणाली. "अन् तुमी माझं नाव पुढं करून घरात लपून बसले." भीमसिंगनं मान खाली घातली. आईची वस्तू का विकली, हे त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

रुपा उठली. मिराबाईनं तिचा हात धरला, लग्नाला ये म्हणाली. विनवायची सवय नव्हती तिला, सांगितलं तेही हुकूम सोडल्यासारखं.

रुपानं हात सोडवून घेतला.

"माझ्या मालकाच्या मातीला घरचं कुणी न्हवतं," ती म्हणाली. "पुजाला माझा आशीर्वाद सांगा. मी न्हाई येत."