शंभर नंबरचा जेट

जयलक्षम्मा गाडी ढकलत दुकानाशी आल्या तेव्हाच मी ओळखलं, बाई भांडायच्या तयारीनेच आल्यात. गाडी जुनी जावा, इथल्या म्हैसूरच्याच कारखान्यातली. मागून त्यांची मुलगी सिंचना, काखेत हेल्मेट.

"चेलुवा, हिला नंजनगूडला नोकरी लागलीय. बापाच्याच गाडीवरून जाणार म्हणते. आधी या गाडीचा धूर बंद कर. तीस वर्षं माझ्या साड्यांना तेलाचा वास! बसचं तिकीट वाचवायला चालत जाणारा माणूस, पण या बयेला पेट्रोल पाजायचा म्हणजे किती पाजायचा! सांगून सांगून जीभ झिजली."

त्यांचे यजमान पुट्टस्वामी जाऊन वर्ष झालं होतं, पण बाईंचा राग अजून ताजा होता.

मी कार्बोरेटर उघडला. आत काय निघणार ते मला ठाऊक होतं. पितळेचा एवढासा जेट, त्याच्या भोकातून इंजिनाला पेट्रोल जातं. आकडा मोठा तेवढं भोक मोठं. यावर आकडा होता शंभर.

"चेलुवण्णा, हिला ब्याण्णव लागतो ना?" सिंचना वाकून बघत म्हणाली. "हा कुठल्या शहाण्याने घातला?"

आजकालच्या पोरी सगळं वाचून येतात. एखाद्या वारलेल्या जुन्या मेकॅनिकचं नाव सांगून मी सुटलो असतो. मेलेला माणूस थोडाच खोटं पाडायला येणार होता? पण ही पोर रोज याच गाडीवर बसणार होती. मला ते जमेना.

"मी घातला. अम्मा, तुम्ही सातव्या महिन्यात माहेरी निघाला होता, आठवतं? आदल्या दिवशी गाडी माझ्याकडे होती. दुकान नवं होतं. इथे प्रत्येकाचा पहिला प्रश्न, लिटरला किती देते? नाव व्हावं म्हणून मी सगळ्यांच्या गाडीत अठ्ठ्याऐंशीचा बारका जेट घालायचो, तुमच्याही घातला. पेट्रोल वाचायचं. पण या गाडीत तेल पेट्रोलमधूनच जातं. तेही कमी पडलं, इंजिन तापलं आणि भर रस्त्यात जाम झालं."

"कधी? आम्ही तर कधी पडलो नाही."

"त्यांनी वेळेवर क्लच दाबला. नाहीतर मागचं चाक जागीच अडकलं असतं."

बाई बाकावर बसल्या. "कडकोळ गावाच्या पुढे? त्या दिवशी तर पेट्रोल संपलं होतं."

"टाकी अर्धी भरलेली होती, अम्मा. इंजिन निवेपर्यंत थांबावं लागलं."

मग बाई पुटपुटल्या, "चिंचेखाली बसलो होतो. तासभर. ह्यांनी काकड्या घेतल्या, सोलून दिल्या. एरवी कधी सोलली नव्हती हो एक काकडी! मी आपली बडबडत होते, पेट्रोल भरायचं विसरणारा नवरा पदरी पडला म्हणून. सोलताना अर्धी काकडी सालाबरोबरच जात होती. मला वाटलं, ऊन लागलं."

"दुसऱ्या दिवशी दुकानात आले. मला वाटलं, आज मार खातोय. पण आवाजसुद्धा चढवला नाही. म्हणाले, सगळ्यात मोठा घाल. होऊ दे धूर. आणि घरी बोलू नकोस, नाहीतर ती पुन्हा माझ्या मागे बसायची नाही."

सिंचनाने आईच्या पाठीवर हात ठेवला. बाई हसल्या, आणि हसता हसता डोळ्याला पदर लावला. "बसत होते की. दर रविवारी. नाक दाबून, शिव्या घालत."

तीस वर्षं मी त्या शिव्या ऐकत होतो आणि त्या खरं तर माझ्या वाट्याच्या होत्या. दुसरा मेकॅनिक बघा, असं म्हणायला मी तोंड उघडलं.

"आता कुठला घालतोस?" त्यांनीच विचारलं.

मी ब्याण्णवचा बसवला. सिंचना रिंग रोडवर गाडी दामटून आली. प्लग काढून पाहिला. फिल्टर कॉफीसारखा तपकिरी दिसायला हवा, पण मला जरा फिका वाटला. फिका म्हणजे पेट्रोल कमी. चौऱ्याण्णवचा घातला, पुन्हा पिटाळलं. आता रंग बरोबर आला, तरी मी प्लग उन्हात नेऊन तीनदा पाहिला.

"झालं?" बाई उठल्या, पदर कमरेला खोचला आणि मुलीच्या मागे बसल्या.

"अम्मा, उद्या मी स्वतः लांब फेरी मारून बघतो, मग..."

"नंजनगूडपर्यंत जाऊन येतो आम्ही." त्यांनी सिंचनाचा खांदा धरला आणि माझ्याकडे वळून पाहिलं. "आणि हे बघ चेलुवा, यापुढे काही चुकलं तर मला सांगायचं. मी तरीही बसेन."