दिव्याकडे बघायची मनाई

अंबडच्या धर्मशाळेत डोळ्यांचे डॉक्टर आले आहेत, अशी दवंडी घनसावंगीच्या बाजारात फिरली आणि रामरावांनी दुसऱ्याच दिवशी गाडी जुंपली. गावाला केवढे कौतुक! निजामी अमलातला पाटलाच्या घरचा माणूस विधवा भावजयीला स्वतः दवाखान्यात नेतो, म्हणजे सुधारणाच की हो. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे असतात, हे गाव नेहमी उशिरा शिकते.

गोजरबाई गाडीत मागे तोंड करून, पदर ओढून बसली होती. चाळिशी लागते न लागते तोच तिच्या दोन्ही डोळ्यांवर पडदा आला होता. चुलीवरचे दूध उतू गेलेले दिसेना, कडेवरची घागर दाराला आदळे आणि धाकटी जाऊ दिवसभर तोंड सोडी. गाव मागे पडल्यावर रामरावांनी बैलांच्या कासऱ्याला झटका देत विषय काढला.

"वहिनी, डाक्टरनं डोळे गेले म्हन्लं, तर उगी रडारड करायची न्हाई. तसंच पुढं शहागडला जाऊ. गोदागंगेच्या काठी मठ हाये, तिथं देवाचं नाव घेत ऱ्हा. आंधळं मानूस घरात कोन सांभाळनार?"

"बरं," गोजरबाई म्हणाली. दिरापुढे दुसरा शब्द तिच्या तोंडून आजवर निघालाच नव्हता. सासऱ्याने मरण्याआधी दोन्ही मुलांना रान वाटून दिले होते. ती मठात जाऊन बसली की नवऱ्याच्या वाट्याचे काळेभोर रान कोण कसणार, हे तिला डोळे नसतानाही स्वच्छ दिसले. आता सगळे त्या डॉक्टरच्या एका शब्दावर होते.

या घराची एक रीत इथे सांगितली पाहिजे. कुंकू पुसलेल्या बाईची नजर अशुभ. तिने पेरणीच्या पाभरीकडे बघायचे नाही, नवरीकडे बघायचे नाही आणि पेटत्या दिव्याकडे तर मुळीच नाही. सांजवात आली की तिने भिंतीकडे तोंड करायचे. नवरा गेला त्या वर्षी सासू स्वतः गोजरबाईची हनुवटी धरून तिची मान फिरवी. पुढे सासूही गेली, पण सासूच्या हाताची गरज उरली नव्हती. दिवा आला की मान आपली आपण वळे. बाईला वळण लावण्यात आमच्या समाजाचा हात कोण धरणार?

धर्मशाळेच्या खोलीत खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला होता. भुजंगराव डॉक्टर औरंगाबादचे, हाताने हुशार आणि स्वभावाने घाईचे. बाहेर रोग्यांची रीघ लागलेली. गोजरबाईला बाकड्यावर बसवून त्यांनी तिच्या उजवीकडे दिवा धरला.

"बाई, दिव्याकडे बघा."

तिची मान डावीकडे गेली. दिवा डावीकडे आला, मान उजवीकडे गेली. समोर आणला, तर मान खाली आणि पदर नाकापर्यंत.

दिवा तिला दिसत होता! धुक्यातल्या शेकोटीसारखा तांबूस, पण दिसत होता. तिला ओरडून सांगावेसे वाटत होते आणि मान मात्र ऐकत नव्हती.

"उजेड कळतो का?" डॉक्टरांनी विचारले.

"कुठला कळतो, साहेब! बिलकुल आंधळी झाली," उत्तर रामरावांनी दिले.

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. "डोळा उजेड धरत नाही. आतूनच गेला असावा. मग मोतीबिंदू काढून उपयोग नाही."

"मंग निघतो जी," रामराव लगेच म्हणाले. "शहागड गाठायचंय."

गोजरबाईने दोन्ही हातांनी बाकड्याची कड घट्ट धरली. दिवा ठेवायला डॉक्टर तिच्या मागून निघाले आणि जाता जाता सहज त्यांची नजर खाली गेली. त्या हातांची बोटे पांढरी पडली होती. इतक्यात दिवा डाव्या खांद्याजवळ आला आणि बाईची मान उजवीकडे वळली. डॉक्टर थबकले. दिवा त्यांनी गुपचूप उजव्या खांद्याकडे नेला. मान डावीकडे!

आंधळ्याला दिवा कुठे आहे ते कळत नाही. या बाईला तो नेमका कळत होता, म्हणून तर ती दर वेळी बरोबर उलटीकडे तोंड करत होती.

"डोळे तपासत बसलो आणि माणसाकडे बघायचंच राहिलं," डॉक्टर स्वतःवरच चिडले. "बाई, दिव्याकडे बघायची मनाई आहे का तुम्हाला?"

"रीत हाये आमच्यात," रामराव मध्येच बोलले. "बिनकुकवाच्या बाईनं..."

"तुम्हाला नाही विचारलं. त्यांचे डोळे जिवंत आहेत, मोतीबिंदू काढता येतो. पण त्यांना इथे राहावं लागेल आणि तोंडावरचा पदर काढावा लागेल."

"पाटलाच्या घरची बाई परक्या मर्दाम्होरं तोंड उघडं टाकनार? न्हाई जमायचं! वहिनी, उठा. जल्दी."

गोजरबाई उठली नाही. रामरावांनी दंडाला धरताच तिने हात झटकला.

"हात लावू नका, भावजी."

खोलीत तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला. तो तिला स्वतःलाही अनोळखी वाटला, पण आवडला.

"मपल्या नजरंनं पीक जळतं म्हन्ता ना? म्या कवाच बघितलं न्हाई पाभरीकडं. तरी औंदा पानी न्हाई पडलं, ते कुनाच्या नजरंनं? डाक्टरसाहेब, दिवा मला दिसतो. पहिल्या बारीलाबी दिसला व्हता."

"आज हितं ऱ्हायलीस तर घराचं दार बंद समज!" रामरावांचा आवाज चढला. 'वहिनी' आणि 'उठा' दोन्ही गळून पडले होते.

"दार तुमचं आसंल. पर मालकाच्या वाट्याचं रान मपलं हाये. डोळे आले की पायी येईन, आन् पेरनी बांधावर हुबी ऱ्हाऊन बघन. कुनाला काय करायचं ते करू द्या."

रामराव दार आपटून गेले. गाडीचा आवाज दूर गेला, तशी गोजरबाईने बाकड्याची कड पुन्हा घट्ट धरली. भीती होतीच, ती काय एका वाक्याने जाते? मग डॉक्टर दिवा हातात घेऊन समोर आले.

"बाई, ऑपरेशनच्या वेळी दिवा अगदी जवळ असतो. मान केसभरही हलवायची नाही. जमेल?"

गोजरबाईने पदर मागे सारला, उघड्या तोंडाने दिव्याकडे बघितले आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना बघतच राहिली.

"जमंल," ती म्हणाली. "ज्यांला मपलं बघनं सोसना, त्यांनी आपली मान वळवावी."