प्रीतीताईंच्या सायकलीची शिंगं

उमरग्याच्या सायकल गटात बावीस सायकली होत्या आणि शिंगं एकाच सायकलीला होती. हँडलच्या दोन्ही टोकांना बसवलेल्या, पुढं वळलेल्या त्या आखूड नळ्यांना सगळे शिंगंच म्हणत. सायकल प्रीतीताईंची. ताईंचं वय सत्तेचाळीस, बसस्टँडमागच्या दवाखान्यात नर्स. कुणी म्हणे पोळ्याला सजवा, कुणी विचारी दूध किती देते. ताई हसून सोडून देत.

जानेवारीतल्या शर्यतीसाठी चौघांचा संघ निवडला, त्यात ताईंचं नाव आलं. मग गटप्रमुख कृष्णराजनं अट घातली. शिंगं पायवाटेला अडकतील, ती काढा, नाहीतर संघात दुसरं कुणी घेऊ.

ताई सायकल घेऊन विरुपाक्ष मिस्त्रीकडे गेल्या. त्यानं आजवर काढलेली शिंगं एका पोत्यात पडून होती. ही फॅशन गेली कशी, ते ताईंनी त्याला विचारलं. त्यानं सांगितलं, पूर्वी हँडल अरुंद असायची. चढावर जोर लावायला, हातांची जागा बदलायला शिंगं लागायची. पुढं हँडलच रुंद झाली. त्यांच्या टोकाला शिंगं लावली तर हात नको तितके फाकतात. शिवाय पायवाटेला फांदीत अडकतात.

"आन् खरं सांगू का ताई, फोटूत बरी दिसत न्हाईत. निम्म्यांनी तर त्यापायीच काढली."

"माझं हँडल अरुंदच आहे की."

"व्हय. जुनंच हाय."

"आणि हाड मोडलं तेव्हा या मनगटात धातूची पट्टी बसवलीय. पालथ्या हातानं तासभर धरलं की बोटं बधिर होतात. शिंगं धरली की मूठ उभी राहते, मग होत नाहीत."

विरुपाक्षनं हातातला पाना खाली ठेवला.

रविवारी सरावाला तलावामागच्या पायवाटेवर दोन्ही बाजूंनी वेड्या बाभळी आत आल्या होत्या. डावं शिंग फांदीत अडकलं, हँडल गर्रकन फिरलं आणि ताई काट्यांत पडल्या. कोपर सोलपटलं. सगळे थांबले. कृष्णराजनं सायकल उचलून दिली आणि आता तरी पटलं का, असं विचारलं.

"पटलं," ताई म्हणाल्या. "पायवाटेला शिंगं वाईटच. पण शर्यतीत पायवाट तीन किलोमीटर, बाकी रस्ता सत्तावीस. तीन किलोमीटर मी उतरून चालेन."

"शर्यतीत चालणार? ताई, शेवटच्या माणसाची वेळ संघाची वेळ धरतात. लोक हसतील आपल्याला."

"मग माझ्या जागी दुसरं नाव लिही. शिंगं राहतील."

कृष्णराजनं खरंच दुसरं नाव लिहिलं. ताईंनी एकटीचा अर्ज भरला.

शर्यतीच्या सकाळी पायवाट लागताच त्या उतरल्या आणि सायकल हातानं ढकलू लागल्या. मागून एकेक जण पुढं गेला. त्यांचा जुना संघही गेला. कृष्णराजनं मान वळवली नाही. एका अनोळखी पोरीनं वेग कमी करून विचारलं, पंक्चर झालं का.

"नाही," ताई म्हणाल्या. "मी ठरवून चालतेय. तू हो पुढं."

बाभळी संपल्या तेव्हा मागं कुणीच उरलं नव्हतं. डांबरी रस्ता लागला. पुढं लांबच लांब चढ होता. ताई सायकलीवर बसल्या, दोन्ही शिंगं मुठीत घट्ट धरली आणि सीटवरून उठून पायडल मारू लागल्या.