बाबांच्या हृदयाची सीडी

उपेंद्र आणि चित्रा यांच्या आयर्लंडमधल्या, ड्रोहेडातल्या घरात खात्यांची वाटणी पक्की होती. वायर असलेली वस्तू उपेंद्रकडे, रक्त असलेली चित्राकडे. तो सॉफ्टवेअरवाला, ती डॉक्टर. वायफाय गेलं की ती हात वर करायची. कोणाला ताप आला की तो थर्मामीटरसुद्धा तिच्याच हाती द्यायचा. या वाटणीवर संसार बिनतक्रार चालला होता आणि दोघांनाही त्याचा जरा जास्तच अभिमान होता.

बाबांची सीडी नेमकी या हद्दीवर येऊन पडली.

बाबा, म्हणजे उपेंद्रचे वडील गुरुनाथ, नागपूरहून उन्हाळ्यापुरते आलेले. काल जिना चढताना त्यांच्या छातीत कळ आली आणि चित्राने त्यांना आपल्याच हॉस्पिटलात दाखल केलं. तिथल्या हृदयाच्या मोठ्या डॉक्टरपुढे, कन्सल्टंटपुढे, पेच होता. अँजिओग्राफी करायची तर रक्तवाहिनीत डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं द्रव्य, सोडावा लागणार; त्याचा भार किडन्यांवर, आणि बाबांच्या किडन्या आधीच निम्म्या कामातून गेलेल्या. त्या बसल्या तर कायमचं डायलिसिस. नागपुरात पूर्वी झालेल्या अँजिओग्राफीची फिल्म पाहायला मिळाली तर कदाचित डाय टळेल. दुपारच्या मीटिंगमध्ये निकाल. फिल्म सीडीवर, सीडी बाबांच्या बॅगेत, आणि सीडी म्हणजे यंत्रखातं. म्हणून चित्राने फोनवर सांगितलं, ती घेऊन ये, आणि चालतेय का तेवढं बघ.

सीडी घालायचा ट्रे असलेला जुना लॅपटॉप प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या बोलीत कपाटात, चादरींच्या खाली निघाला. सीडी घरघरली, फोल्डर उघडलं, आणि प्लेअरवर नुसता काळा पडदा. उपेंद्र मनात हसला. कोडेकचं दुखणं, रोजचं. व्हिडिओ घडी घालून ठेवायची आणि उलगडायची एक रीत असते. ती रीत प्लेअरला ठाऊक नसली की गाठोडं तसंच राहतं. त्याने दुसरा प्लेअर लावला. काळाच. फायलींच्या नावांना .mp4 सारखं शेपूट नव्हतं, म्हणून त्याने स्वतःचं एक चिकटवलं. काळाच. कोडेकचं अख्खं बोचकं उतरवून घेतलं, तेव्हा लॅपटॉप तापून घुमायला लागला. आता घड्याळाकडे पाहायची त्याला हिंमत होईना.

चित्राचा फोन आला. चालतेय ना?

"कोडेकचा प्रॉब्लेम आहे. करतो मी."

ती बरं म्हणाली. बायकोला फाइलबद्दल विचारायचं, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. आलं असतं तरी त्याने विचारलं नसतं.

शेवटी एका कन्व्हर्टरने गाठोडं सोडलं. करड्या धुक्यात काळ्या फांद्या थरथरल्या. त्यातली एक मध्येच चिमटीत धरल्यासारखी बारीक झालेली. हे बाबा आहेत, असं मनात येताच त्याने फिल्म थांबवली. तुकडा त्याने पेन ड्राइव्हवर आणि फोनवर घेतला. तेवढ्यात लॅपटॉपने मान टाकली. तो तसाच सोडून उपेंद्र गाडीत बसला.

कन्सल्टंट दक्षिणेतल्या कॉर्ककडची उंच बाई होती. पेन ड्राइव्ह हॉस्पिटलच्या मशीनला चालत नव्हता, म्हणून तिने फोनवरच पाहिलं, आणि हळू आवाजात विचारलं, हे हृदय कोणाचं? पडद्यावर नाव नव्हतं, तारीख नव्हती. कन्व्हर्टरने सगळं पुसून टाकलं होतं. वर चित्रही मळकट झालेलं. कोणाच्याही असू शकणाऱ्या फिल्मवर मी तुमच्या वडिलांचा निर्णय घेणार नाही, असं ती नम्रपणे म्हणाली आणि मीटिंगच्या खोलीत गेली.

चित्राने त्याला कोपऱ्यात घेतलं. "सीडी कुठाय?"

"लॅपटॉपमध्ये. घरी."

"अरे, तो साधा व्हिडिओ नसतोच. आमच्या मशीनवर सरळ उघडतो. रोज उघडतो आम्ही."

"मग सांगायचंस ना."

"तू विचारलंस? कोडेक म्हणालास, मी गप्प बसले."

भांडायला सवड नव्हती. मीटिंगच्या यादीत बाबांचा नंबर शेवटी ढकलते, असं सांगून ती आत पळाली.

घरी लॅपटॉप मेलेला, आणि सीडी त्याच्या पोटात. बटण दाबलं, काही नाही. सुरीने उचकटावं आणि ती आतच तडकली तर? नागपूरच्या हॉस्पिटलात दुसरी प्रत असेलही, पण मीटिंग संपेपर्यंत ती इथे कशी येणार? ट्रेवरच्या बारीक भोकात त्याने सेफ्टी पिन खुपसली. घाईत पिन दोनदा बोटात गेली. तिसऱ्यांदा आत कुठेतरी टक् झालं आणि ट्रे कण्हत बाहेर आला. सीडीवर एक चरा होता. जुना की आत्ताचा, देव जाणे.

हॉस्पिटलच्या मशीनने ती गिळली आणि बराच वेळ काहीच दाखवलं नाही. उपेंद्रने चित्राचं मनगट घट्ट धरलं. मग कोपऱ्यात नाव उमटलं, तारीख उमटली, आणि फांद्या हलू लागल्या, काचेसारख्या स्वच्छ. कन्सल्टंटने फिल्म मागेपुढे करून पुन्हा पुन्हा पाहिली. चिमटा तेव्हापासूनचाच होता, आणि त्याला वळसा घालून बारक्या फांद्यांनी रक्ताला आपली वाट काढून दिलेली. आज डाय नको, औषधांवर ठेवू, ती म्हणाली. पुन्हा कळ आली तर मात्र किडनीचा विचार करत बसता येणार नाही.

बाबा खाटेवर चहा पीत होते. त्यांना सगळं सांगून झालं, तरी उपेंद्र उशाशी उभाच राहिला, मॉनिटरवरच्या हिरव्या रेघेला डोळे लावून.

"काहून तिकडं पाहून राहिला बे?" बाबा म्हणाले. "मी इकडं आहो न."

हो, म्हणाला तो. पण नजर हलली नाही. रेघ वर जायची, खाली यायची, आणि प्रत्येक वेळी ती पुन्हा वर जाईपर्यंत तो श्वास धरून ठेवायचा.