ताईला कळतं त्यातलं

तिने लेन्स डोळ्यापुढे धरून खिडकीच्या उजेडाकडे पाहिलं. आतल्या काचेच्या कडेकडेने कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरट धागे पसरले होते.

"बुरशी आहे," ती म्हणाली.

"पुसली की जाईल ना?" भावाने विचारलं.

"आतून आहे. काच खाल्लीय तिने."

"काहीतरीच! बाबांनी तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं हे सगळं."

"म्हणूनच लागली. कोंडून ठेवलं की लागतेच. काचेला उजेड लागतो, वारा लागतो. वापर लागतो."

भावाने पुढची लेन्स तिच्या हातात दिली. वडील जाऊन वर्ष होत आलं होतं आणि त्यांचं कपाट त्याला रिकामं करायचं होतं. जुने कॅमेरे घेणारा माणूस संध्याकाळी येणार होता. "ताई, तुला कळतं त्यातलं. येऊन जरा बघून दे, नाहीतर तो मला टोपी घालेल," असं त्याने फोनवर सांगितलं, तेव्हा इस्पितळातल्या एक्स-रे विभागातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती आली होती.

कपाटाची किल्ली तिने लहानपणी फक्त वडिलांच्या खिशात पाहिली होती. मुलींच्या हाताला घाम असतो, असं ते म्हणत. पुस्तकं मात्र बाहेरच्या फळीवर असायची. वाचून वाचून पोरगी काय दिवे लावणार, असं त्यांना वाटत असावं. तिने ती सगळी वाचली. हातात कॅमेरा नसताना बोटांची चौकट करून घरभर उजेड बघत हिंडली. नोकरी लागल्यावर तिने जुना कॅमेरा घेतला. आता हौशी छायाचित्रकारांच्या मंडळात कुणालाही काही विकत घ्यायचं असलं, की पहिला फोन तिला जायचा.

"पुस्तकांचं काय करू?" भावाने विचारलं.

"रसायनांची ही दोन कुणी घेणार नाही. प्रकाशयोजनेचं मात्र रद्दीत घालू नकोस. यंत्रं जुनी होतात, उजेड कुठे जुना होतो?"

भावाची कॉलेजात जाणारी मुलगी ढिगाशी बसून पुस्तकं चाळत होती. तिने मळक्या वेष्टनाचा एक वार्षिक अंक वर काढला.

"आत्या, हाच ना तो? माझ्या बाबांनी काढलेला फोटो!"

अंक आपसूक त्याच पानावर उघडला. समोरच्या इमारतीच्या परांचीवर बसलेला रंगारी. ब्रश दातांत धरून तो दोन्ही हातांनी डोक्याला फडकं बांधतोय. मागची भिंत अर्धी पांढरी, अर्धी काळवंडलेली. फोटोखाली भावाचं नाव होतं.

"हा मी मोठा करून बाहेरच्या खोलीत लावणार आहे," पोरगी म्हणाली. "आत्या, तू मंडळात सगळ्यांच्या फोटोंचं परीक्षण करतेस ना? याचं कर ना."

"कर की," भाऊ हसला. "आणि भाऊ म्हणून सूट देऊ नकोस हं!"

पलीकडे जमिनीवर बसून आई मटार सोलत होती. तिने मान वर केली नाही.

हा फोटो काढला त्या दिवशी वडील किल्ली घरी विसरून गेले होते. ती आईनेच लेकीला आणून दिली होती. "एकच काढ, आणि होतं तस्सं ठेव," असं बजावलं होतं. लेक खिडकीतून निम्मी बाहेर झुकली, तेव्हा मागून तिची कंबर घट्ट धरून उभी होती ती आईच. फिल्म धुऊन आल्यावर वडील रागावले नाहीत. फोटोकडे बघत बराच वेळ बसले आणि मग म्हणाले, "मुलाच्या नावाने पाठवू. त्याला पुढे उपयोगी पडेल. हिला काय करायचंय?"

"वर आकाश जास्त आलंय," ती भाचीला म्हणाली. "खाली बादली कापली गेलीय. काढणाऱ्याचा हात थरथरत होता, कड जराशी हललीय."

"एवढ्या चुका? आणि चांगलं काय?" पोरीने विचारलं.

"वेळ. फडक्याची गाठ बसायच्या आधी बटण दाबलंय. गाठ बसली असती, तर नुसता रंगारी राहिला असता."

"ऐकलंस?" भाऊ मुलीला म्हणाला. "आणि तेव्हा मी एवढासा होतो!"

"तू गोवराने आतल्या खोलीत झोपला होतास," ती म्हणाली. "फोटो मी काढला होता."

भाऊ हसला. कुणीच हसेना, तेव्हा थांबला. "म्हणजे बाबांनी खोटं नाव छापून आणलं?"

"हो."

"आई, सांग गं हिला."

आईचा हात शेंगेवर थांबला. तिने एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा नातीकडे. लेकीकडे पाहिलं नाही.

"मला नाही बाई आठवत," ती म्हणाली. "किती वर्षं झाली त्याला." आणि तिने शेंग फोडली.

पोरीने अंक मिटून अलगद खाली ठेवला. मग उगाचच पाणी प्यायला उठून गेली. ती लांब गेल्याची खात्री करून भाऊ खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, आता कशाला उकरून काढतेस? तुला काय कमी आहे? मंडळात मान आहे, चार लोक विचारायला येतात. माझ्याकडे दाखवायला एवढं एकच आहे गं."

म्हणजे याला ठाऊक होतं. आजवर तिला वाटत होतं, वडिलांनी इतक्यांदा सांगितलं की त्या बिचाऱ्यालाही खरंच वाटतं.

ती हात धुवायला उठली. मोरीपाशी आई मागोमाग आली आणि टॉवेल घेऊन उभी राहिली.

"तुला आठवतंय," ती आईला म्हणाली.

"तू संध्याकाळी तुझ्या घरी जाशील. मला इथे राहायचंय."

"मग माझ्याकडे चल."

"चार दिवस येईन की. म्हातारपण का पाहुणी म्हणून काढायचं असतं?" आईने टॉवेल पुढे केला. "पूस. ओल्या हाताने पुस्तकं धरू नकोस."

ती बाहेर येऊन पुन्हा ढिगाशी बसली. उरलेल्या लेन्स तिने एकेक करून उजेडात धरल्या. एक स्वच्छ निघाली. "ही वेगळी ठेव. तो घेणारा हिला नावं ठेवेल, पण हीच न्यायला तो येतोय. पडत्या भावात देऊ नकोस," असं तिने भावाला समजावलं. कुठलं पुस्तक कशाबरोबर द्यायचं, तेही सांगितलं. रंगाऱ्याचा अंक ढिगात नव्हता. तो कुणी उचलला, हे तिने विचारलं नाही.

निघताना भाऊ दारापर्यंत आला. त्याच्या हातात एका पायाने वाकडा झालेला कॅमेऱ्याचा स्टँड होता.

"हा काही विकला जायचा नाही. तू ने. बाबांची आठवण."

नको म्हणायला तिने तोंड उघडलं. मग तिने स्टँड घेतला.

बसमध्ये गर्दी होती. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी स्टँडकडे कौतुकाने पाहिलं.

"फोटोग्राफर आहात वाटतं?"

"माझा भाऊ आहे," ती म्हणाली. आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत येऊ नये, म्हणून स्टँडचा वाकडा पाय तिने आपल्याकडे ओढून घेतला.