काढा घेतेस ना?

मंजूषानं एखादी गोष्ट मनावर घेतली की तिचा नवरा राजनसुद्धा तिच्या वाटेला जात नसे. त्या वर्षी तिनं स्वतःला जपायचं मनावर घेतलं. बाईनं जन्मात कधी स्वतःला जपलं नव्हतं, पण आता तिच्या दोन किडन्यांपैकी एक राजनची होती. तपासण्यांत मॅच झाली होती, ती त्याला बसवायची मार्चची तारीख ठरली होती. आणि नेमका मेला तो कोरोना आला! हॉस्पिटलनं असली सगळी ऑपरेशनं पुढे ढकलली.

राजनला वाट पाहणं नवीन नव्हतं. पहिली किडनी त्याच्या आईनं दिली होती, ती दहाएक वर्षं चालली. बंद पडायला लागली तेव्हा रिपोर्ट बघून तो एवढंच म्हणाला, "आई दमली गं." तेव्हापासून आठवड्यातून तीनदा टॅक्सी नेदरलँड्समधल्या आल्मेरे गावी त्यांच्या दारात यायची, त्याला डायलिसिसला न्यायची आणि दुपारी पिळलेल्या फडक्यासारखा परत आणून सोडायची. पाणी मोजून प्यायचं, बटाटे दोनदा उकळून खायचे, टोमॅटोला लांबूनच नमस्कार करायचा. एवढं असूनही माणूस चेष्टा सोडेल तर शपथ!

"टॅक्सीत अजून कोण असतं?" मंजूषा विचारायची.

"एक आजोबा असतात. मास्क लावतात, पण नाकाखाली."

"मग सांग ना त्यांना!"

"सांगितलं. म्हणाले, तुझ्या वयाचा होतो तेव्हा मीही असाच घाबरट होतो."

सगळा देश घरात बसला तरी डायलिसिसला जावंच लागतं. तिथे मंजूषाचं काही चालत नव्हतं, म्हणून तिनं सगळा जोर स्वतःवर काढला. दाराबाहेर पाऊल टाकेना. बाजारातून आलेली कोथिंबीरसुद्धा साबणाच्या पाण्यात बुडवली. मास्ट्रिख्टचं कॉलेज बंद पडल्यामुळे घरी आलेली हिमानी पहिल्या घासाला ओरडली, "मम, धिस टेस्ट्स लाइक शॅम्पू!" मराठी सगळं कळायचं पोरीला, पण उत्तर कायम इंग्रजीत नाहीतर डचमध्ये.

आणि काढा. तो पुण्याहून तिच्या आईनं व्हिडिओ कॉलवर सांगितलेला. "गुळवेल, आलं, मिरी, तुळस. सकाळी उपाशीपोटी. टाळू नकोस हो, तुझ्या पोटात राजनचा जीव आहे." मंजूषानं रायस्वाइकच्या भारतीय दुकानातून गुळवेलीची पूड मागवली आणि रोज सकाळी डोळे मिटून वाटीभर काढा घशाखाली ढकलायला लागली.

"एवढं कडू पितेस," राजन म्हणायचा, "ती किडनी माझ्यात आली की मीही तुझ्यासारखा बोलायला लागेन."

"तुलाही दिला असता. पण तुझ्या पाण्याच्या मापात बसत नाही."

"देव पावला!"

उन्हाळ्याच्या शेवटी ऑपरेशनं पुन्हा सुरू झाली आणि त्यांना सप्टेंबरची तारीख मिळाली. मंजूषाच्या शेवटच्या तपासण्या सुरू झाल्या. ट्रान्सप्लांटचं सगळं बघणारी नर्स मार्लूस, फार गोड बाई, तिनं नेहमीसारखं विचारलं, "काही औषधं घेता? गोळ्या, व्हिटॅमिन, एखादी वनस्पती?"

मंजूषाला रागच आला. "काही नाही. मी साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा घेत नाही."

आणि ती खोटं बोलत नव्हती हो! तिच्या माहेरी काढ्याला कधी कुणी औषध म्हटलं नव्हतं. वरणात हिंग घालावा, तसा साथीच्या दिवसांत काढा घ्यायचा. हिंगाबद्दल तरी कोण नर्सला सांगत बसतं?

रिपोर्ट आला. किडनी ठणठणीत होती, पण लिव्हरला सूज होती. का, ते कुणालाच सांगता येईना. कारण कळेपर्यंत तुमची किडनी काढता येणार नाही, मार्लूस म्हणाली. तीन आठवड्यांनी परत बघू.

"दगदगीनं झालं असेल," आई फोनवर म्हणाली. "काढा दोन वेळा घे."

मंजूषानं दोन वेळा घेतला. दुसरा रिपोर्ट पहिल्याहून वाईट आला. मग ठरलं, लिव्हरचा बारीकसा तुकडा काढून तपासायचा. तोपर्यंत राजनचं ऑपरेशन लटकलेलंच. त्या दिवशी ती सोफ्यावर बसून ढसाढसा रडली. "माझंच अंग मला दगा देतंय रे."

राजननं तिचा तळवा आपल्या डाव्या हातावर ठेवला. तिथे डायलिसिससाठी शिरा जोडलेल्या होत्या, त्यामुळे कातडीखाली सतत थरथर चालायची. त्या थरथरीवर हात ठेवल्याशिवाय तिला झोप येत नसे. "हे बघ, इंजिन चालू आहे," तो म्हणाला. "थांबू थोडं. मला सवय आहे."

पण ऑक्टोबरात टॅक्सीतले ते आजोबा यायचे बंद झाले. मग राजन खोकायला लागला. एका सकाळी त्याला धड श्वास घेता येईना तेव्हा हिमानीनं ॲम्ब्युलन्स बोलावली. दारातून स्ट्रेचर बाहेर काढताना राजननं मास्क जरासा उचलला. "मंजू, काढा उतू चाललाय बघ."

ती शेगडी बंद करायला आत धावली. परत येईपर्यंत ॲम्ब्युलन्सचं दार लागलेलं होतं.

त्यानंतर तो तिला फक्त टॅबलेटच्या पडद्यावर दिसला. दुसऱ्या आठवड्यात तिथेही दिसेनासा झाला. शेवटच्या निरोपाला मोजकी माणसं लांब लांब मांडलेल्या खुर्च्यांवर बसली होती. मंजूषाला कुणी जवळसुद्धा घेतलं नाही; घेता येत नव्हतं. तिला मात्र साधी शिंकही आली नाही. घरी येऊन तिनं काढ्याचं पातेलं घासलं आणि ओट्यावर पालथं घातलं. आता जपायचं तरी कुणासाठी?

डिसेंबरात हिमानी तिला ओढतच रक्त तपासायला घेऊन गेली. दोन दिवसांनी मार्लूसचा स्वतःहून फोन आला. आधी ती राजनबद्दल बोलली. मग म्हणाली, "एक चांगली बातमी आहे. तुमचं लिव्हर एकदम छान झालंय. आम्हालाच नवल वाटतंय. मधल्या काळात काही बंद केलंत का?"

"नाही," मंजूषा म्हणाली. "मी तर कधीच काही..."

तिची नजर ओट्याकडे गेली. शेजारी उभ्या हिमानीचीही गेली.

"आई," हिमानी म्हणाली, चक्क मराठीत. "काढा."

मंजूषानं मार्लूसला सगळं सांगितलं, कशाचा, किती, कधीपासून. मग मार्लूस हळूच म्हणाली, तुम्हाला कसं माहीत असणार. पण तिनं विचारलं होतं. गोड आवाजात, स्पष्ट विचारलं होतं. मंजूषा ओट्याला टेकून खालीच बसली.

संध्याकाळी आईचा नेहमीचा कॉल आला. ऐंशीच्या पुढची बाई, जावयाच्या दुःखानं निम्मी झालेली. "काढा घेतेस ना गं?" तिनं विचारलं. "राजनला देता आला नाही, तो गेला बिचारा. पण त्याच्या इतकी जवळ राहून तू वाचलीस ना, ती काढ्यामुळेच. तेवढंच मला समाधान आहे बघ."

हिमानीनं मान वर करून आईकडे पाहिलं. मंजूषानं पदरासारखी ओढणी तोंडावर धरली, आवाज नीट केला.

"हो आई," ती म्हणाली. "घेते ना. रोज घेते."

"शहाणी गं माझी."